खाली सहा, उजवीकडं दोन

आप्पांचा आवाज गेला तेव्हा मी बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. गेला म्हणते, पण तो काढावा लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली, आवाजाची पेटीच काढून टाकायची म्हणाले, आणि समजूत घालायला पुढं म्हणाले, "आवाज जाईल, माणूस राहील." मला ते वाक्य तेव्हा फार पटलं होतं. आता आठवलं की राग येतो, आणि तो डॉक्टरांचा नसतो.

आप्पा, म्हणजे माझे वडील, इंदापूरच्या तहसील कचेरीत शिपाई होते. तारखेच्या दिवशी दारात उभं राहून लोकांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. त्यांचा पुकारा कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर ऐकू जायचा आणि तिथली माणसं अर्धा कप टाकून पळत यायची. माझ्या आजोबांना सणसरच्या आसपास गावकीसाठी ओरडत फिरावं लागलं होतं. धर्म बदलला तेव्हा ते काम घरानं सोडलं. आवाज मात्र वारशात आला, आणि आप्पा तो सरकारी पगारावर वापरत. या गोष्टीचा त्यांना बारीकसा अभिमान होता. निवृत्त झाल्यावरही ते गल्लीच्या तोंडापासून घरात बोलायचे.

गल्लीच्या तोंडापासून ते काय बोलायचे, तर दुपारी बाराच्या सुमारास सायकल टेकवता टेकवता विचारायचे, "जेवलीस का?" हे आईला. आमच्यात नवरे बायकोला नावानं हाक मारत नसत. "अगं", "ऐकलं का" एवढ्यावर संसार व्हायचे. आप्पांनी ती हाकच या प्रश्नात बसवून टाकली होती. आणि आई आतून न चुकता म्हणायची, "जेवले." ती जेवलेली नसायची. त्यांच्या आधी जेवणं तिला जन्मात जमलं नाही. आप्पांना हे ठाऊक होतं, त्यांना ते ठाऊक असल्याचं आईला ठाऊक होतं, आणि तरी रोज तो प्रश्न आणि तेच उत्तर. मी लहानपणी याला खुळेपणा म्हणायचे.

ऑपरेशनला महिनाभर अवकाश होता. खरी अडचण आप्पांच्या बोलण्याची नव्हती, ते लिहू शकले असते. अडचण ही की आईला वाचता येत नव्हतं. साक्षरता वर्गात ती सहीपुरतं शिकली आणि हरभरा काढायला गेली ती परत वर्गाकडं फिरकली नाही. आता नवऱ्याला बोलता येणार नाही आणि बायकोला वाचता येत नाही. मी बारामतीत, आठवड्यातून एकदा येणारी. उरलेले सहा दिवस ही दोन माणसं एकमेकांना काय सांगणार होती?

उपाय क्लासच्या सरांनी सुचवला. सर मूळचे रेडिओ दुरुस्तीतले, कॉम्प्युटरकडं नंतर वळलेले. त्यांच्याकडं एक जुना लॅपटॉप पडून होता. कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेला, काळा, जड, बॅटरी मेलेली. प्लगला लावला तरच चालायचा. त्यातून आवाज म्हणून फक्त एक टुकटुक यायची. सर म्हणाले, "प्रिंटरची वायर जिथं लागते ना मागं, त्या पोर्टातून आवाज काढता येतो. वडिलांचा आवाज आधी भरून ठेवा. एक बटण दाबलं की एक वाक्य." त्यांनी पंचवीस पिनांचा एक कनेक्टर घेतला, त्यावर पंधरावीस रेझिस्टर डाग देऊन जोडले, त्याला वॉकमनचा छोटा स्पीकर लावला आणि लॅपटॉपच्या मागं खोचला. त्यातून त्यांचंच "हॅलो" बाहेर आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठले होते.

मी यादी केली. या यादीबद्दल मी पुढं इतक्या वेळा स्वतःला बोल लावले आहेत की आता शब्द उरले नाहीत, तरी सांगते. मी वहीत दोन रकाने आखले आणि आजारी माणसाला काय काय लागेल ते लिहिलं. पाणी दे. चहा कर. पंखा लाव. पंखा बंद कर. दुखतंय. उशी सरकव. औषध. दार लाव. डॉक्टरला बोलव. वीस वाक्यं झाली. दवाखान्यातल्या फॉर्मसारखी चोख यादी. मला ती बघून समाधान वाटलं होतं.

आप्पा आणि आई रविवारी एसटीनं बारामतीला आले. रविवारी क्लास रिकामा असायचा. आवाज भरायची सोय असलेला एकच कॉम्प्युटर होता, त्याच्यापुढं मी आप्पांना बसवलं आणि माईक हातात दिला. आईला बाहेर व्हरांड्यात बसवलं. तिच्या मांडीवर भाकरीचा डबा होता. आप्पांचा आवाज तेव्हाच फाटला होता, पण पल्ला अजून गेला नव्हता. माईक समोर असून त्यांनी पहिलंच वाक्य कचेरीच्या दारात उभं राहिल्यासारखं म्हटलं. "पाणी दे."

तेवढ्यात दार ढकलून आईनं डोकं आत घातलं. तिला वाटलं, खरंच पाणी मागितलं. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं आणि लगेच विचारलं, "जेवलीस का?"

"जेवले," आई म्हणाली.

मी चिडले. म्हटलं, "आई, बाहेर बस गं, रेकॉर्डिंग चाललंय. आणि आप्पा, तुम्ही यादीतलंच बोला. मधेमधे बोललं की सगळं त्यात जातं." आप्पा म्हणाले, "जाऊ दे की गेलं तर. बोलणंच हाय त्ये." मग मात्र ते यादीतलं एकेक वाक्य शहाण्या मुलासारखे म्हणत गेले. आईनं बाहेर डबा उघडला नाही. परतीच्या एसटीत चढताना तो तसाच भरलेला होता, मी हातात घेतला तेव्हा कळलं.

सगळा आवाज फ्लॉपीवरून लॅपटॉपमध्ये न्यायचा होता. एका फ्लॉपीत जेमतेम तीन मिनिटं मावायची. मी दुसऱ्या दिवशी बसून कापाकापी केली. खोकला काढला, श्वास काढला, "हं, म्होरलं सांग" काढलं. पहिल्या फाइलमधलं "जेवलीस का" आणि आईचं "जेवले" हेही काढलं. नको असलेलं काढून टाकणं मला नेहमीच चांगलं जमतं. फक्त ती पहिलीच फाइल होती आणि हात बसला नव्हता, म्हणून कात्री किंचित उशिरा लागली. "पाणी दे" नंतर एक अर्धवट "जे" राहून गेलं. मी ते ऐकलं आणि म्हटलं, असू दे. आठवड्याभरानं नव्या बॅचसाठी त्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून आम्ही पुन्हा विंडोज टाकलं. मीच टाकलं.

ऑपरेशन झालं. आप्पा गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन इंदापूरला परतले. कॉटशेजारी स्टुलावर लॅपटॉप मांडला. पी दाबून एन्टर केलं की पाणी, सी दाबलं की चहा. पहिल्या दिवशी त्यांनी "चहा कर" वाजवलं तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली आणि स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली, आणि परत आली तेव्हा आप्पांचा आवाज येईना. शेजारच्या दुकानातून त्यांनी आईकडून मला फोन लावून घेतला. आई फोनवर एवढंच म्हणाली, "ह्यांचा आवाज पुन्यांदा गेला गं." मी तासाभरात एसटीत बसले. सणसरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता आणि ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता. त्या तंबाखूकडं बघून माझं डोकं फिरलं. आप्पांनी चाळीस वर्षं तेच केलं होतं.

घरी जाऊन पाहिलं तर बिघाड काहीच नव्हता. मशीन सुरू होतं तेव्हा आपल्याला कुठले कुठले भाग आहेत याची आधी स्वतःशी उजळणी करतं. ती उजळणी लिहिलेली असते त्या जागेला बायोस म्हणतात. लाईट नसताना तिथली सेटिंग जपायला आत एक बारीकशी बॅटरी असते. या लॅपटॉपची तीही मेलेली. त्यामुळं लाईट गेली की मशीन सगळं विसरायचं, तारीख १९८० सालची दाखवायचं, आणि मागचं पोर्ट बंद ठेवायचं. त्या ओळीपुढं इंग्रजीत लांबलचक "डिसेबल्ड" लिहून यायचं. ते बदलून तिथं ३७८ हा आकडा आणला की पोर्ट चालू, आणि आप्पा बोलते.

मी करून दाखवलं. आप्पांना इंग्रजी अक्षरं येत होती, त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. पण अशक्तपणा इतका की उठून बसायचं म्हणजे त्यांना दोन उशा आणि आईचा खांदा लागायचा. आई मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "मला सांग. कितीदा दाबायचं त्ये सांग."

"तुला वाचता येणार नाही, आई."

"वाचायचं कशाला? मोजायचं हाय."

आणि खरंच ती मोजायला शिकली. आपल्या पाकिटातल्या दोन टिकल्या काढून तिनं बटणांवर चिकटवल्या. एफ टूवर लाल, एफ टेनवर हिरवी. लाल दाबायची, मग खालचा बाण सहा वेळा, मग उजवीकडचा दोन वेळा, मग हिरवी, मग मोठं बटण. "खाली सहा, उजवीकडं दोन," असं ती भाकरी थापतानाही पुटपुटायची. इंग्रजी आकडे तिला भिंतीवरच्या घड्याळामुळं ओळखू यायचे. ती म्हणायची, "लांबडा शबुद गेला अन् तीन, सात, आट आलं की समजायचं, ह्ये बोलाय लागले." क्लासमध्ये माझी पदवीधर मुलं त्या निळ्या पडद्याला हात लावायला घाबरायची. माझी आई तो दिवसातून दोन-तीनदा उघडायची. लाईट आली की बल्बकडं न बघता आधी मशीनकडं जायची.

मी दर रविवारी म्हणायचे, पुण्याहून ती बारकी बॅटरी आणते. आणली नाही. कामं होती, असं म्हणते मी.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आप्पा सारखं "पाणी दे" वाजवत होते. आई पाणी आणायची, ते ठेवून घ्यायचे आणि प्यायचे नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा "पाणी दे". कॉटखाली दोन तांबे भरलेले, स्टुलावर एक पेला भरलेला. मला आईची दया आली आणि आप्पांचा राग. मी म्हटलं, "अहो आप्पा, किती पळवता तिला? पाणी आहे की समोर."

आई मधे पडली. "असू दे गं. आदी निदान बोलायचं. आता नुस्तं हुकूम हायत, तर हुकूम." हे ती हसूनच म्हणाली. पण तिनं म्हटलं आणि माझ्या डोळ्यांपुढं माझी यादी आली. दे, कर, लाव, सरकव. वीसच्या वीस वाक्यं तिला उठवणारी. तिच्यासाठी एक नाही.

आई आत गेल्यावर आप्पांनी वही ओढली आणि लिहिलं, "पाण्यासाठी नाही." त्यांनी खाली लिहिलं, "पुढचं ऐक." आणि पी दाबलं.

"पाणी दे. जे"

त्यांनी ओठ हलवले आणि ते पुढचं बिनआवाजाचं म्हणून दाखवलं. नंतर वहीत विचारलं, "बाकीचं कुठं आहे?"

बाकीचं मी कापलं होतं. एवढं लिहायलाही मला आज वेळ लागतो. मी त्यांना सांगितलं, सापडेल, क्लासमध्ये असेल. पुसलेलं आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी बारामतीला जाऊन मी तीन दिवस शोधलं. खोक्यातल्या सगळ्या फ्लॉप्या एकेक करून लावल्या. सरांनाही कामाला लावलं. सर शेवटी म्हणाले, "मॅडम, ते गेलं." मी त्यांच्यावर ओरडले, आणि मग माफी मागितली.

पुढच्या रविवारी मी आप्पांना म्हटलं, "माझ्या आवाजात भरून देते." ते मानेनं नको म्हणाले. माझ्या हातावर थोपटलं. मला ते थोपटणं सहन झालं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते वहीत लिहीत होते तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. लिहिलं होतं, "आईला सांगू नको. वाईट वाटेल." मी सांगितलं नाही.

त्यानंतर ते पाणी मागत राहिले आणि आई आणत राहिली. पेला ठेवून ती क्षणभर तिथंच उभी राहायची. मला वाटायचं, दमली असेल.

पावसाळा संपता संपता आप्पा गेले. गाठ पुन्हा आली होती, खाली, जिथं डॉक्टरांचा हात पोचत नव्हता. माणूस राहील हे वाक्यही राहिलं नाही. शेवटचे दोन दिवस त्यांना बटण दाबवत नव्हतं. तेव्हाही लाईट जाऊन आली की आई पोर्ट चालू करून ठेवायची. मी म्हटलं, "आता कशाला, आई?" ती म्हणाली, "असू दे. हाताला लागलं म्हंजी?"

अंत्यविधी झाला. काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा विधी झाला. आईच्या माहेरची, लोणी भापकरची माणसं आली होती, सणसरची होती, कचेरीतली जुनी माणसं होती. एकानं आप्पांच्या पुकाऱ्याची नक्कल केली आणि सगळे हसता हसता फोटोकडं वळले. फोटोपुढं पांढरी फुलं होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे परतले. घरात मी आणि आई उरलो.

सकाळपासून तिनं तोंडात काही घातलं नव्हतं. मी भात-आमटी करून तिचं ताट वाढलं होतं. ती "खाते नंतर" म्हणाली, म्हणून ते वाढून झाकून तिच्या बाजूला ठेवलं होतं. मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला असता तर भांडण झालं असतं, म्हणून मी आवराआवर करत होते. सतरंज्या घडी घालत होते.

बाराच्या पुढं, सकाळी गेलेली लाईट आली. पंखा फिरायला लागला. आई भिंतीला टेकून बसली होती ती उठली आणि स्टुलाकडं गेली. मला वाटलं, सवयीनं गेली, आता भानावर येईल. तिनं मशीन सुरू केलं. ते इंग्रजीत काहीतरी कुरकुरलं. तिनं लाल टिकली दाबली. खाली सहा. उजवीकडं दोन. लांबडा शब्द गेला, तीन, सात, आठ आले. हिरवी टिकली, मोठं बटण. तिचं बोट एकदाही अडखळलं नाही. मग तिनं पी दाबलं.

"पाणी दे. जे"

घर आप्पांच्या आवाजानं भरलं, आणि तुटलं. आईनं पाण्याकडं बघितलं नाही. ती दाराकडं तोंड करून, जरा मोठ्यानं, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "जेवले."

मी घडी घातलेली सतरंजी खाली ठेवली. जाऊन तिच्या ताटावरचं झाकण काढलं आणि ताट तिच्यापुढं सरकवलं.